धुक्याचे दिवस आणि कॅमेरा

नाताळच्या सुटीत उत्तर भारताच्या प्रवासास निघणारी मराठी कुटुंबे थोडीथोडकी नसतात. दोन महिने आधी तिकिटे काढावयाची, कचेरीत रजेचा अर्ज द्यावयाचा, मुलांच्या शाळेचे वेळापत्रक जुळवावयाचे, वडीलधाऱ्यांसाठी गरम कपडे गोळा करावयाचे. आणि एवढे सारे करून आग्ऱ्याच्या वाट्यास यावयाची एकच सकाळ. त्या सकाळी पहाटेस उठून, रांगेत उभे राहून, भव्य दरवाजाच्या कमानीत पाऊल टाकावे, तो समोर काही नाहीच! पांढऱ्या भिंतीसारखे धुके तेवढे उभे असते. घरातील धाकटे मूल विचारते, "ताज कुठे आहे?" या प्रश्नास त्या क्षणी तरी कोणापाशी उत्तर नसते. दुसऱ्या दिवशी यावे म्हटले, तर परतीची गाडी ठरलेली असते. आणि तो दिवस शुक्रवार असला तर ताज बंदच असतो. मग सगळे जण त्या पांढऱ्या पडद्यापुढे ओळीने उभे राहतात, कोणी तरी मोबाइलवर छायाचित्र टिपतो, आणि घरी गेल्यावर पाहुण्यांना सांगावे लागते की, आमच्या मागे ताजमहाल आहे असे समजा.

वाचकहो, त्या सकाळी खरोखर हळहळण्याजोगे फारसे काही घडलेले नसते. धुके हे कॅमेऱ्याचे वैरी आहे, हा समज मूळ धरून बसला आहे खरा. परंतु धुके कशाचे असते, ते प्रकाशाचे काय करते आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी ते कसे वागते, एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याला निरभ्र दिवशी कधीही मिळणार नाही असे चित्र त्याच सकाळी मिळू शकते. त्यासाठी महागडा कॅमेरा लागतो असेही नाही. लागतो तो थोडा धीर आणि चार पावले पुढे-मागे चालण्याची तयारी.

प्रथम धुक्याची ओळख करून घेऊ. हवामानशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या जलकणांमुळे एक किलोमीटरच्या आत दिसेनासे झाले, म्हणजे ते धुके. भारतीय हवामान विभाग त्याचेही प्रकार करतो : ५०० ते १००० मीटर दिसत असेल तर विरळ, २०० ते ५०० मीटर असेल तर मध्यम, ५० ते २०० मीटर असेल तर दाट आणि ५० मीटरच्याही आत आले तर अतिदाट. हे जलकण मोठे मौजेचे असतात. त्यांचा व्यास साधारणतः एक मायक्रॉनपासून वीस-तीस मायक्रॉनपर्यंत, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी असतो. आणि एक घनमीटर धुक्यात एकंदर पाणी बहुधा अर्ध्या ग्रॅमहूनही कमीच भरते. एवढ्याशा पाण्याने संगमरवराचा डोंगर झाकला जातो, कारण ते पाणी असंख्य कणांत विभागलेले असते आणि प्रत्येक कण येणारा प्रकाश दाही दिशांना उधळून लावतो.

या उधळण्यातच छायाचित्रकाराच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. दूरच्या डोंगरावर दिसणारी निळसर धूसरता अतिसूक्ष्म कणांमुळे येते आणि ते कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. म्हणून कृष्णधवल फिल्मच्या काळात भिंगावर पिवळी किंवा तांबडी काच लावली की ते डोंगर उठून दिसत. धुक्याचे कण मात्र प्रकाशलहरींच्या मानाने बरेच मोठे असतात. ते तांबडा, पिवळा, निळा असा भेद न करता सर्व रंगांना सारखेच वागवतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते. त्यामुळे धुक्यावर रंगीत काचेचा उपाय चालत नाही आणि अवरक्त फिल्मचाही उपयोग होत नाही. धुके भेदून पाहण्याचा नाद सोडून द्यावा आणि त्याच्यासह चित्र काढावे, हेच शहाणपणाचे. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, सॅम्युएल बोर्न या छायाचित्रकाराने १८६३ पासून सात वर्षांच्या काळात हिमालयाची जी चित्रे घेतली, तशा जुन्या काचपट्ट्यांवरील चित्रांत मागचे पहाड फिकट दिसतात, त्याचे सगळे श्रेय धुक्याला देऊ नये. त्या काळच्या कलोडियनच्या पट्ट्यांना निळा प्रकाशच काय तो विशेष जाणवत असे, त्यामुळे साधी धूसरताही त्यांवर दुणावून उमटे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म हिच्यातच आहे. धुक्यात वस्तू एकाएकी नाहीशी होत नाही. अंतर वाढत जाईल तसतसा तिचा उठाव ठरावीक प्रमाणात घटत जातो. १९२४ साली कोश्मीडर या शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले. समजा, आज ४०० मीटरपर्यंतच दिसते आहे. तर ४० मीटरवरील काळ्या खांबाचा उठाव सुमारे ६८ टक्के शिल्लक राहतो, १०० मीटरवरील खांबाचा ३८ टक्के, २०० मीटरवरील खांबाचा १४ टक्के आणि ४०० मीटरवर जेमतेम २ टक्के उरतो. त्यापलीकडे डोळा हात टेकतो. हे आकडे पाठ करावयास नकोत. त्यांतून एवढेच घ्यावयाचे की, धुके म्हणजे निसर्गाने आखून दिलेली पायऱ्यांची एक ओळ आहे : जवळचे झाड काळेभोर, त्यामागची भिंत राखाडी, त्यामागचा मनोरा मोतिया रंगाचा आणि त्याच्या पलीकडे केवळ भास. निरभ्र दिवशी हे सारे एकाच पातळीवर येऊन एकमेकांत गुंतते आणि मागचा विजेचा खांब पुढच्या देवळाच्या शिखरातून उगवल्यासारखा दिसतो. धुके हा गुंता आपण होऊन सोडवते.

आता हे गणित घेऊन पुन्हा ताजकडे वळू. दरवाजापासून मकबऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ३०० मीटर आहे आणि त्याच्या बरोबर मध्यावर तो संगमरवरी हौद आहे. दृश्यता ३०० मीटरच्या आत असेल, तर दरवाजात उभे राहून ताज दिसणे शक्यच नाही; परंतु हौदाशी गेलात की अंतर निम्मे होते आणि वर दिलेल्या हिशोबाने उठाव कितीतरी पटींनी वाढतो. दरवाजातून निराश होऊन परतणारी माणसे त्या दीडशे मीटरांची किंमत जाणत नाहीत. ताजची आणखी एक अडचण आहे : तो स्वतःच पांढरा आहे. काळे झाड पांढऱ्या धुक्यात पुष्कळ अंतरापर्यंत टिकते. पांढरा घुमट पांढऱ्यात सर्वांआधी विरघळतो. म्हणून ताजच्या पश्चिमेची तांबड्या दगडाची मशीद आणि पूर्वेचे तिचे जुळे भावंड, मेहमानखाना, ही दोन्ही धुक्यात ताजहून अधिक ठळक दिसतात. त्यांच्या कमानीत उभे राहून त्या गडद चौकटीतून ताजकडे पाहा. चित्रात कोठे तरी खरा गडद भाग असला, म्हणजे तो फिकट घुमट पुसट न वाटता अलगद तरंगल्यासारखा वाटतो. सरूची रांग, कारंज्याची कड, शालीत गुरफटून चाललेला एखादा माणूस, यांपैकी काहीही ते काम करील.

सूर्याच्या दिशेचाही विचार करावयास हवा. दरवाजातून ताजकडे पाहताना आपले तोंड उत्तरेस असते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवून दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे तो आपल्या पाठीशी राहतो. पाठीशी सूर्य असला की धुके सपाट, पिठूळ दिसते. धुक्याचा कण आपल्यावर पडलेला प्रकाश मुख्यतः पुढल्या दिशेस फेकतो. म्हणून सूर्य समोर किंवा कडेस असला, तर तेच धुके आतून उजळते आणि इमारतीची बाह्यरेषा कात्रीने कापल्यासारखी उमटते. यमुनेच्या पलीकडच्या तीरावरील मेहताब बागेतून पाहताना आपले तोंड दक्षिणेस होते आणि सूर्य डाव्या हातास, थोडा समोर येतो. तेथून ताज दूर पडतो, म्हणून दाट धुक्यात तिकडे जाऊन उपयोग नाही. पण नऊ-दहाच्या सुमारास धुके फाटू लागले असता ती जागा अपूर्व आहे. नदीवर धुक्याची चादर तशीच असते आणि तिच्यावर घुमट व मनोरे पायाविना उभे राहतात. ज्यांच्या हाती दोन सकाळी आहेत, त्यांनी एक इकडे आणि एक तिकडे घालवावी.

काशीच्या घाटांवर हा हिशोब उलटा होतो. घाट गंगेच्या पश्चिम तीरावर असून त्यांचे तोंड पूर्वेस आहे. प्रवासी बहुधा होडीत बसून घाटांचे चित्र घेतात. तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि धुक्याच्या दिवशी शिंदे घाट काय, भोसले घाट काय, सारे एकाच राखेत बुडाल्यासारखे दिसते. अशा सकाळी होडीत न बसता अहिल्याबाईंच्या घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसावे आणि नदीकडे पाहावे. पलीकडचा तीर नाहीसा झालेला असतो, क्षितिज नसते, पाणी आणि आकाश एकच झालेले असते. त्यात एखादी होडी आणि तीत उभा असलेला नावाडी एवढेच गडद. अशा चित्रात भरणा करण्याचा मोह आवरावा. रिकामी जागा वाया गेली असे आपल्याला वाटते, पण ती वाया जात नाही. जपानचा चित्रकार हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) याने धुक्यातील पाइन वृक्षांचे जे पडदे रंगविले, त्यांत बहुतेक कागद कोराच आहे. आणि धुके आहे ते त्या कोऱ्या जागेतच.

ग्वाल्हेरच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. त्यांच्या दाराशीच चांगला विषय उभा आहे. मैदानातून सुमारे शंभर मीटर वर उठलेला तो किल्ल्याचा कातळ डिसेंबर-जानेवारीत कधी पुरता बुडतो, तर कधी धुक्याचा थर उथळ असल्यामुळे वरच्या अंगाने बाहेर राहतो. वर जावयाचे की खाली थांबावयाचे, हे त्या थराच्या जाडीवर ठरवावे. उत्तरेच्या मैदानातील हे धुके रात्री जमीन थंड झाल्यामुळे पडते : आकाश निरभ्र, वारा जवळजवळ पडलेला आणि जमीन ओली असली की त्याचे फावते. म्हणून पश्चिमेकडून आलेला हिवाळी पाऊस पडून गेला आणि रात्री चांदणे स्वच्छ पडले, तर दुसऱ्या पहाटेस कॅमेरा तयार ठेवावा. सूर्य उगवल्याबरोबर धुके विरेल ही अपेक्षा बाळगू नये. उगवतीच्या सुमारास व त्यानंतरही काही वेळ ते अधिकच दाटते आणि मग हळूहळू वरून व कडांनी झिजत जाते. हे धुके नेमके कधी पडेल व कधी उठेल, हे आधी सांगता यावे यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर निरीक्षणांचा एक मोठा उपक्रम सुरू केला. विमानांच्या आणि गाड्यांच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे. छायाचित्रकाराला त्याचा होणारा लाभ केवळ अनुषंगिक.

सह्याद्रीचे धुके मात्र निराळ्या जातीचे. पावसाळ्यात माथेरानला, महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याच्या घाटात जे धुके आपल्याला वेढते, तो खरे पाहता ढगच असतो. समुद्रावरून आलेली दमट हवा कड्यांना अडून वर चढते, थंड होते आणि डोंगरमाथ्यावर ढग बसतो. त्याच्या मागे वारा असतो, म्हणून तो एका ठिकाणी ठरत नाही. मैदानातील धुक्यात तास तास चित्र बदलत नाही. येथे मिनिटामिनिटाला पडदा वर जातो आणि खाली पडतो. लोहगडाची तटबंदी क्षणभर दिसते, तुम्ही कॅमेरा उचलेपर्यंत ती गेलेली असते. येथे उपाय एकच : चौकट आधी ठरवून, कॅमेरा तिपाईवर रोखून, उघडीप येईपर्यंत उभे राहणे. घाईघाईने कॅमेरा इकडून तिकडे फिरविणाऱ्याच्या पदरी बहुधा काहीच पडत नाही. हिवाळ्यात याच डोंगरात आणखी एक देखावा मिळतो. पहाटे दऱ्यांत धुके साचते आणि राजगडावर किंवा १४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर रात्र काढलेल्या माणसाला खाली दुधाचा समुद्र व त्यात सोंडांची आणि माच्यांची बेटे दिसतात. अशा वेळी रुंद भिंगापेक्षा लांब पल्ल्याचे भिंग अधिक कामास येते. एकामागे एक असलेल्या डोंगररांगा ते जवळ ओढून आणते, आणि प्रत्येक रांगेमधल्या धुक्यामुळे त्या एकीत एक मिसळत नाहीत.

डोंगराच्या कड्यावर उभे असता सूर्य पाठीशी आणि धुके समोर खाली असे जुळून आले, तर धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्या मस्तकाभोवती रंगीत वलय दिसते. यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात याची नोंद केली होती. छायाचित्रात हे वलय डोळ्यांना दिसते त्याहून फिके येते, हे आधीच ध्यानी धरावे. आणि त्याच्या लोभाने कड्याच्या काठाकडे सरकू नये, हे शंभरदा सांगितले तरी अधिक होणार नाही. धुक्यात काठ कोठे संपतो ते दिसत नाही, ओला कातळ निसरडा असतो, आणि कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याचे लक्ष पायांखाली नसते. मुलांना तर अशा जागी हात सोडून उभे करूच नये.

हीच सावधगिरी रेल्वेच्या बाबतीतही हवी. धुक्यात अंतर्धान पावणारे रूळ हा चित्राचा विषय म्हणून फार लोकप्रिय झाला आहे. पण रुळांवर उतरून तो टिपणे हे जिवाशी खेळणे आहे, शिवाय गुन्हाही आहे. रेल्वेच्या नियमांत, स्थानकापासून १८० मीटरवरील एक ठरावीक वस्तू दिसेनाशी झाली की धुके पडले असे मानतात आणि चालकाला सावध करण्यासाठी सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके बांधतात. चाक त्यांवरून गेले की मोठा आवाज होतो. ज्याला स्वतःचा सिग्नल दिसण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, त्या चालकाला रुळांवर बसलेला छायाचित्रकार दिसेल अशी आशा कोणी करू नये. फलाटावरून, पादचारी पुलावरून किंवा डब्याच्या खिडकीतून जे मिळेल ते घ्यावे, आणि ते थोडे नसते. दार्जिलिंगच्या वाटेवरील घूम स्थानक २२५८ मीटर उंचीवर असून धुक्यासाठीच ओळखले जाते. तेथे फलाटावरच चहाचा पेला हाती घेऊन थांबावे. छोटी गाडी धुक्यातून आधी आवाजाने येते, मग दिव्याने, आणि शेवटी स्वतः येते. दिवा दिसतो पण गाडी दिसत नाही, तो क्षण टिपावा.

दार्जिलिंगचे नाव निघाले म्हणून सत्यजित राय यांच्या १९६२ सालच्या 'कांचनजंघा' या चित्रपटाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. रायांचा हा पहिला रंगीत चित्रपट. सुटीच्या शेवटच्या दिवशी शिखर दिसेल या आशेवर असलेले एक कुटुंब, आणि दुपारभर ऊन, ढग व धुके यांची आळीपाळी. माणसांच्या मनात काय चालले आहे ते तेथील धुके सांगते. अखेरीस धुके सरते, शिखर दिसते आणि कुटुंबप्रमुखाचे मात्र तिकडे लक्षच नसते. सुब्रत मित्र यांनी टिपलेले त्यातील फिके, ओलसर रंग धुक्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने एकदा पाहावेतच.

परदेशातील एकच उदाहरण देतो. सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर उन्हाळ्यात समुद्रावरून धुके येते. थंड पाण्यावरून दमट हवा वाहते तेव्हा ते बनते. १९३७ साली पूल खुला झाला, त्याआधी त्यास कोणता रंग द्यावा याची मोठी चर्चा झाली, आणि वास्तुविशारद अर्व्हिंग मॉरो यांच्या आग्रहाने तो नारिंगी-तांबडा रंग ठरला. भोवतालच्या टेकड्यांशी तो जुळतो आणि धुक्यातही दिसतो. पाण्यापासून २२७ मीटर उंचीचे ते मनोरे ढगांच्या वर डोके काढतात तेव्हा, रंगाविषयीचा तो आग्रह किती योग्य होता, हे कळते. आपल्याकडे १९४३ साली सुरू झालेला कलकत्त्याचा हावडा पूल जानेवारीच्या पहाटे असाच दिसतो. रंगाची मदत त्याला नाही, पण पोलादाची ती जाळीदार आकृती एवढी ओळखीची आहे की चतुर्थांश दिसली तरी पुरते. धुक्यासाठी वास्तू निवडताना हीच कसोटी लावावी. कोरीव कामासाठी प्रसिद्ध असलेले देऊळ धुक्यात मुके होते. ज्याची बाह्यरेषा बोलकी आहे असा बुरूज, घुमट, पूल किंवा मनोरा निवडावा. ७२.५ मीटर उंच कुतुबमिनाराचा शेंडा धुक्यात दिसेनासा झाला, तर तो कापला गेला म्हणून खंत करू नये. न दिसणारा शेंडा मिनाराची उंची वाढवितो.

आता थोडे कॅमेऱ्याविषयी. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. धुके त्याला फार उजळ वाटते, म्हणून तो प्रकाश कमी घेतो आणि पांढरे धुके मळकट उतरते. त्यास एक टप्पा अधिक प्रकाश द्यावा. सूर्य समोर असेल तर कधी दीड टप्पाही चालतो. मोबाइलवर पडद्यावर बोट ठेवले की सूर्याचे लहानसे चिन्ह येते, ते वर सरकवावे. काम तेच होते. मात्र सगळेच पांढरे फटक होऊन धुक्यातल्या छटा जळून जातील इतके सरकवू नये. स्वयंचलित फोकस धुक्यात चाचपडत राहतो, कारण त्याला धरावयास कडा लागते. म्हणून झाडाच्या बुंध्याची किंवा कमानीची गडद कडा त्याला दाखवावी आणि तेथे तो पक्का करून मग चौकट जुळवावी. फ्लॅश बंद ठेवावा. तो लागला की समोरचे जलकणच तेवढे चमकतात आणि चित्रावर पांढरे ठिपके उठतात. पहाटेच्या धुक्याला निळसर झाक असते. कॅमेरा आपल्या बुद्धीने ती पुसू पाहतो, त्याला दिवसाच्या प्रकाशावर बांधून ठेवले म्हणजे ती टिकते. घरी आल्यावर संगणकावर 'धुके काढून टाका' अशी कळ हल्ली मिळते. उठाव थोडा वाढवावयास हरकत नाही, पण ती कळ पूर्ण दाबावयाची असेल, तर धुक्यात उठून गेलात कशाला? तिपाईविषयी एक सूचना : पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिच्यासाठी परवानगी लागते, ती आधी काढावी, नाही तर एखाद्या कठड्याच्या आधारे हात स्थिर ठेवावा आणि दोन-तीन चित्रे अधिक घ्यावी.

एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगितली पाहिजे. पांढरे दिसणारे सगळेच धुके असते असे नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस जो कोळशाच्या धुराने भारलेला काळवंडलेला थर बसला, त्याने हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा करावा लागला. त्याच लंडनच्या धूसर हवेवर क्लोद मोने याने १८९९ ते १९०१ या काळात थेम्सची चित्रमालिका रंगविली होती. टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतील विरघळलेल्या रेषा त्या काळच्या हवेतील वाढत्या प्रदूषणाशी जुळतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशात नोव्हेंबरपासून जी पिवळट-करडी हवा साचते, तिच्यात पाण्याबरोबर धूरही असतो. डोळे चुरचुरत असतील, घसा खवखवत असेल आणि दुपार झाली तरी तो रंग हटत नसेल, तर ते धुके चित्रासाठी कितीही मोहक असो, वृद्धांना आणि लहान मुलांना त्यात उभे करू नये. हवेच्या गुणवत्तेचा आकडा हल्ली रोज प्रसिद्ध होतो. निघण्यापूर्वी तो पाहावा. अशा हवेचे चित्र काढावयाचेच असेल, तर त्याच्या खाली ते धुके म्हणून लिहू नये.

राहता राहिली ती कॅमेऱ्याची काळजी. थंड धुक्यातून उबदार खोलीत कॅमेरा एकदम आणला की भिंगावर आतून-बाहेरून दंव धरते. खोलीत शिरण्यापूर्वीच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि कॅमेरा खोलीइतका गरम होईपर्यंत, म्हणजे तासभर तरी, पिशवी उघडू नये. ओल मग पिशवीवर धरते. पावसाळ्यात घाटात याच्या उलट होते : गार केलेल्या मोटारीतून बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढताच भिंग आंधळे होते, म्हणून ठिकाण येण्याच्या थोडे आधी मोटारीच्या काचा उघडाव्या. सहलीहून परतल्यावर भिंगे कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर भिंगांना बुरशी लागण्याचा धोका मोठा असतो, आणि आजोबांचा आग्फा क्लिक ज्यांच्या फळीवर अजून आहे त्यांनी त्याचे भिंग उजेडात धरून पाहिले, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा बहुधा दिसतील. निळी जेल ओलीने गुलाबी होते. तिला तव्यावर मंद आचेवर परतले की ती पुन्हा निळी होते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कामास येते. तो तवा मात्र पोळ्यांचा नसावा.